मोगरीची मोटर

मासा मारायची तिची पद्धत ठरलेली होती. मासा बोटीत आला की ती त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकायची, गुडघ्यानं अंग दाबून धरायची आणि उजव्या हातातली लाकडी मोगरी डोळ्यांच्या जरा मागे हाणायची. एकदाच. बाकीचे तीन-चार घाव घालतात, मासा उसळतो, रक्त उडतं, मांस काळं पडतं. तिच्या माशाच्या अंगावर डाग नसे. बाजारातले लोक कल्ले उघडून बघत आणि म्हणत, "हा मोगरीचा दिसतोय." पुढे तिला स्वतःलाच मोगरी म्हणायला लागले. तोंडावर वहिनी, मागे मोगरी.

सातवीपर्यंत ती माझ्या हाताखाली शिकली. फळ्यावर काढलेला कोन नुसता बघून किती अंशांचा ते सांगायची, आणि मी कोनमापक लावला की फार तर एक-दोन अंशांचा फरक निघायचा. बोलायची कमी. हसली की आधी डोळे हसायचे आणि मग, परवानगी मिळाल्यासारखं, तोंड.

तिच्या नवऱ्याला सगळे कप्तान म्हणत. बोट सासऱ्याची, टोपी तेवढी स्वतःची, असा हा कप्तान. दिसायला देखणा, बोलायला गोड, रस्त्यात कुणाचंही ओझं उचलून देईल असा. हात मात्र घरात उठायचा. चहा गार झाला म्हणून, चहा फार गरम आहे म्हणून, ती बोलली म्हणून, गप्प राहिली म्हणून.

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, चार इंचांची. वीस वर्षांत मला त्या भिंतीतून आवाज ओळखता यायला लागले. भांडं आपटल्याचा आवाज वेगळा, पाठ आपटल्याचा वेगळा. डोकं आपटलं की आवाज बारीक येतो आणि त्यानंतर बराच वेळ काहीच येत नाही. एकदा तिचं मनगट मोडलं, दोनदा बरगडी. एकदा कानाचा पडदा फाटला. मी भिंतीवर मूठ आपटून पाहिली. गल्लीतल्या पुरुषांना सांगून पाहिलं. "बाई, घरातला मामला आहे. आपण मध्ये पडायचं, उद्या ती दोघं एक होणार आणि वाईट कोण, तर आपण," असं उत्तर मिळालं. मग मीही रेडिओ मोठा करायला शिकले.

एकदा तिच्या दंडावरच्या वळांना मलम लावताना मी म्हटलं, "अगं, इथं निदान भिंतीपलीकडे मी तरी असते. दिवसभर त्याच्याबरोबर पाण्यावर एकटी असतेस, तिथं काय करत असेल या विचारानं मला धडकी भरते."

तिचे डोळे हसले. "बाई, तिथंच तर मी निवांत असते. पाण्यावर त्यानं मला आजवर हात लावलेला नाही."

"का बरं? पाण्याला घाबरतो?"

"तो कशाला घाबरतो! त्याला दांडा सोडता येत नाही."

मग तिनं मला समजावून सांगितलं, एखाद्या मंद मुलीला सांगावं तसं, सावकाश. बोट चौदा फूट लांब. तो मागच्या टोकाला, इंजिनाचा दांडा हातात धरून. ती पुढच्या टोकाला, दोर सांभाळत. आमच्या तलावात धरणाच्या वेळी बुडालेल्या झाडांच्या रांगा अजून उभ्या आहेत. मोठे मासे त्या झाडांच्या आडोशाला असतात. गळाला आमिष म्हणून चकाकता चमचा लावायचा, दोर मागे सोडायचा आणि माणसाच्या चालीनं बोट त्या रांगांच्या कडेकडेनं न्यायची. जरा आत गेलं की दोर फांदीत अडकतो. जरा बाहेर राहिलं की मासा ढुंकून बघत नाही. इंजिन इतकं जुनं की दांडा दोन सेकंद सुटला तरी ते आपोआप वळायचं, बोट गरगर फिरायची आणि दोर इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला जायचा. म्हणजे सकाळी सहा ते दुपारी बारा कप्तान आपल्या जागी जखडलेला.

"शिव्या येतात," ती म्हणाली. "कधी डबा येतो, कधी चप्पल. ते चुकवता येतं."

"पण दांडा घट्ट राहावा म्हणून तिथं एखादा स्क्रू असेल ना? तो आवळला की झालं."

"आवळतो की दर महिन्याला," ती म्हणाली. "आणि मी परत ढिला करते."

हे तिचं सगळं आयुष्य होतं म्हटलं तरी चालेल. घरी मार आणि पाण्यावर सहा तास. त्या सहा तासांच्या जोरावर ती उरलेले अठरा काढायची.

मागच्या वर्षी तलावावर पेट्रोलची इंजिनं बंद झाली. पाणी शहराला प्यायला जातं, त्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला होता. सगळ्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या मोटरी लावायच्या असा हुकूम निघाला. धक्क्याच्या वरच्या अंगाला मोटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं दुकान आहे. दाराशी पाण्यानं भरलेलं पत्र्याचं पिंप, त्यात मोटर उलटी-सुलटी चालवून बघायची. हुकूम निघाल्यापासून त्या पिंपाभोवती रोज पंधरा-वीस माणसं. कुणी काय घ्यावं याची चर्चा लग्न ठरवण्यापेक्षा जास्त वेळ चाले.

कप्तान आणि ती गेली त्या दिवशी मी माझ्या घरच्या पंख्याचं काम घेऊन तिथंच बसले होते.

मिस्त्री मोठा सज्जन माणूस. विकताना खोटं बोलत नाही, म्हणून त्याचं दुकान कधी मोठं झालं नाही. त्यानं तीन गोष्टी ओट्यावर मांडल्या. "हे बघा कप्तान. हा दांडा. मोटर मागे लागते, हातानं फिरवायची. जुनं इंजिन चालवलेल्याला पाच मिनिटांत जमतं. आता ही दुसरी. ही बोटीच्या पुढच्या टोकाला लागते. बोटीला ढकलत नाही, ओढते. हिला पायाचं पेडल येतं. पंजा दाबला की उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे, वेगाला हे चाक. दोन्ही हात मासा ओढायला मोकळे."

"पायानं चालवू?" कप्तान म्हणाला. "मी काय शिंपी आहे?" त्यानं ओट्याखाली पाय हलवत शिलाई मशीन चालवायची अशी हुबेहूब नक्कल केली की पिंपाभोवतीचे सगळे हसले. मलाही हसू आलं. तो होताच तसा.

"बरं, पेडल राहू द्या. त्याच मोटरला हा रिमोटही चालतो. गळ्यात अडकवा, बोटीत कुठंही बसा, उभे राहा, फिरा. आणि हे नांगराचं चित्र बघा. हे बटण दाबलं की मोटर उपग्रहावरून आपली जागा ओळखते. मग वारा येऊ दे, लाट येऊ दे, बोट तिथल्या तिथं. दांडा धरायला नको, नांगर टाकायला नको."

"म्हणजे मी उठून पुढे गेलो तरी चालतं?"

"बोटभर नाचा ना."

कप्तानानं रिमोट गळ्यात घातला. मी तिच्याकडे पाहिलं. ती त्या रिमोटकडे अशी बघत होती, जसं वरून दगड सुटताना दिसावा आणि हलायला जागा नसावी.

"दांडा घ्या," ती म्हणाली.

सगळे वळले. मिस्त्री म्हणाला, "का हो वहिनी?"

"मोडला तर इथंच दुरुस्त होतो. यांच्या हाताला सवय आहे."

"हे मात्र खरं," मिस्त्री म्हणाला. "दांड्यात बिघडण्यासारखं काही नसतंच."

"हिला दांड्याचीच भाषा कळते," कप्तान म्हणाला, आणि लोक परत हसले. या वेळी जरा कमी.

"दांडाच घ्या," ती म्हणाली. "रिमोट पाण्यात पडला तर? बॅटरी..."

त्यानं मागे न बघता उलट्या हाताची मारली. हातात रिमोट होता, त्याची कड ओठावर बसली. ती पिंपावर आदळली आणि ओठातलं रक्त पिंपात पडलं. आत मोटर चालू होती. लाल धागा दोन वेढे फिरला आणि दिसेनासा झाला. मिस्त्रीनं मोटर बंद केली. कुणी आपल्या मोटरीच्या पंख्याची पाती तपासायला लागलं, कुणी फोन. मी तिच्या हातात माझा रुमाल दिला. त्या दिवशी मी तेवढंच केलं.

"रिमोटवाली बांध," कप्तान म्हणाला.

पहिले तीन दिवस त्यानं नवं खेळणं मिळालेल्या मुलासारखे घालवले. मागच्या टोकाला पाय पसरून बसायचा आणि अंगठ्यानं बोट हाकायचा. चौथ्या दिवशी एक मोठा मासा तिच्या हातून सुटला. त्यानं नांगराचं बटण दाबलं, उठला, डबे ओलांडत चौदा फूट चालत पुढे आला आणि तिला मारलं. आधी हातानं, मग लाथांनी, मग केसांना धरून बोटीच्या कडेवर. एक दात पडला. तिनं तो थुंकला तर तो पाण्यात न जाता माशांच्या बर्फात पडला, आणि माशांच्या ढिगातून उचलून तिनं तो पदरात बांधला.

"बोट इतकी स्थिर होती बाई," तिनं मला सांगितलं, "की त्याला तोलसुद्धा सावरावा लागला नाही. जमिनीवर मारल्यासारखं मारलं."

त्यानंतर ते रोजचंच झालं. घरी निदान चार इंचांपलीकडे कुणीतरी आहे याची त्याला थोडी लाज असायची. पाण्यावर कोण? झाडांचे सांगाडे आणि बगळे. ती दीड महिन्यात वाळली. मासे मारताना तिचा घाव चुकायला लागला. बाजारात तिच्या माशांवर काळे डाग दिसू लागले.

एका दुपारी ती माझ्याकडे आली. बगलेत एक खोकं आणि हातात माहितीपुस्तक. पेडल मोटरीबरोबरच आलं होतं. कप्तानानं ते खोक्यातून काढलंच नव्हतं.

"बाई, हे बारीक अक्षर मला वाचवत नाही. डोळ्याला सूज आहे. तुम्ही वाचा."

मी वाचत गेले. बरंचसं नेहमीचं, ओल्या हातानं तारा जोडू नका वगैरे. एके ठिकाणी तिनं मला थांबवलं. "हे परत."

"पेडल व रिमोट दोन्ही जोडलेले असल्यास मोटर शेवटचा आदेश पाळते."

"म्हणजे त्यानं थांब म्हटलं आणि त्यानंतर मी चल म्हटलं तर?"

"तर चालेल."

"आणि रिमोट पाण्याखाली गेला तर?"

मी शोधलं. "पाण्याखालून आदेश पोचत नाही, असं लिहिलंय."

तिनं पेडल माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवलं, ओट्याजवळच्या स्टुलावर बसली आणि पाय ठेवला. वायर जोडलेली नव्हती. टाच, पंजा, टाच. हात वर, दोर ओढत असल्यासारखे, आणि पाय स्वतंत्र. पुढचे पंधरा दिवस ती रोज दुपारी यायची. मी भाजी निवडायची, ती पाय चालवायची. कशासाठी, हे मी विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "घर गेलं तर गेलं, बाई. पाणी मला परत पाहिजे."

नंतर जे झालं त्यातलं पाण्यावरचं मी तिच्याकडून ऐकलं आणि काठावरचं डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी सकाळी तिनं पेडल बोटीत नेलं आणि वायर मोटरीला जोडली. कप्तान खूश झाला. "आज बाईसाहेब शिवणकाम करणार! एक पायजमा होऊन जाऊ दे." दोन तास तिनं झाडांच्या रांगेच्या कडेनं बोट अशी नेली की दोर एकदाही अडकला नाही. तो मागे टोपी तोंडावर घेऊन पडला होता. नऊच्या सुमाराला एक मासा लागला, तिच्या म्हणण्याप्रमाणे वर्षातला सगळ्यात मोठा. ती ओढत असताना कप्तान जागा झाला आणि रिमोटनं बोट उगाच आतल्या बाजूला घेतली. दोर फांदीवर घासला. तुटला.

तिनं फक्त मागे वळून पाहिलं. तेवढंच.

त्यानं नांगराचं बटण दाबलं आणि उठताना वल्हं उचललं. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, हात बधिर झाला. दुसऱ्यासाठी त्यानं दोन्ही हातांनी वल्हं डोक्यावर नेलं. बोट इतके दिवस त्याला जमिनीसारखी वाटत होती, त्यामुळे त्यानं पाय फाकवलेसुद्धा नव्हते. तिनं टाचेनं वेगाचं चाक टोकाला ढकललं आणि पंजा पूर्ण दाबला.

बोटीचं नाक एखाद्यानं कान धरून ओढावं तसं उजवीकडे गेलं. कप्तान डावीकडे. त्याची नडगी कडेवर आपटून मोडल्यासारखा आवाज आला, मोडली मात्र नव्हती, आणि तो वल्ह्यासकट पाण्यात पडला. गळ्यातल्या रिमोटची दोरी तुटली आणि तोही तळाला गेला.

बोट मोठा वळसा घालून परत आली तेव्हा तो एका वठलेल्या झाडाला मिठी मारून खोकत होता. पोहता यायचं, पण बूट होते. तिनं बोट हळूहळू जवळ नेली. खरंच घ्यायला नेली होती, असं ती म्हणाली, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते. त्यानं दोन्ही हातांनी बोटीची कड धरली. पण चढायचं सोडून कड खाली ओढायला लागला. बोट कलली. माशांचा बर्फ तिच्या पायावर आला. "तुला बुडवतो, थांब," तो म्हणाला, "इथंच बुडवतो, आणि बोट घेऊन घरी जातो."

तिनं मोगरी घेतली आणि त्याच्या उजव्या हातावर मारली. एकदाच.

दोन बोटं मोडली. तो किंचाळला. "मासे ओरडत नाहीत ना बाई," ती मला नंतर म्हणाली, "म्हणून मारता येतात. हा ओरडला तेव्हा मी मोगरी खाली ठेवली."

तिनं त्याच्याकडे मागच्या टोकाची दोरी फेकली. "डाव्या हाताला गुंडाळ. बोटीत घेणार नाही. ओढत नेते."

त्या दिवशी साडेदहाला धक्क्यावर जी वीस-एक माणसं होती त्यांनी हे दृश्य पाहिलं: मोगरी बोटीच्या पुढच्या टोकाला ताठ बसलेली, हात मांडीवर, पाय तेवढा हलतोय, आणि मागे दोरीला कप्तान. आधी हसू उठलं. कुणीतरी ओरडलं, "काय वहिनी, आज केवढा लागला?" मग तिचा खांदा दिसला, त्याचा हात दिसला, आणि हसू विरलं. मी आरडाओरडा ऐकून गल्लीतून खाली आले होते.

त्याच्या पायाला तळ लागला तसा तिनं दोरी सोडली आणि बोट मागे घेतली. काठापासून पन्नास-एक फुटांवर पेडलवरही असलेलं नांगराचं बटण दाबलं.

"भावाकडे निघून जा," ती तिथून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून स्वच्छ आला. "तू गावातून गेलास असं बाईंनी मला हात करून सांगितल्याशिवाय मी काठाला लागणार नाही."

कप्तान धक्क्याच्या पायरीवर बसला. मोडलेला हात त्यानं शर्टात गुंडाळला. "बसतो की," तो म्हणाला. "बॅटरी संपली की वारा तुला माझ्याकडेच आणणार आहे."

ते खरं होतं. तलावाच्या बाकी तीन बाजूंना सरळ कडे आहेत, उतरायची जागा हीच. वल्हं पाण्यात गेलेलं. वारा काठाकडे होता, आणि बोट जागेवर धरायला मोटर सतत गुरगुरत होती. बॅटरीवर पाच हिरवे दिवे असतात. तिला ते पुढ्यात दिसत असणार.

त्यानं दोघा-तिघांकडे बोट मागितली. बोट देण्याइतकं कुणी त्याच्या बाजूचं नव्हतं, आणि त्याला हाकलण्याइतकं कुणी तिच्या बाजूचं नव्हतं. मी त्या दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाले, "अरे, तिला उतरू दे."

"बाई, तुम्ही घरी जा, ऊन लागेल," तो अगदी नम्रपणे म्हणाला. आणि डाव्या हातानं दगड फेकायला लागला.

डाव्या हाताचे दगड. पहिले सगळे चुकले. मग सवय झाली. एक तिच्या बरगडीला लागला, एक भुवईवर. तिनं ओलं फडकं भुवईवर बांधलं आणि बसून राहिली. दगड आला की पायानं बोट हातभर सरकवायची, पुन्हा बटण दाबायची. धक्क्यावरची माणसं दगड मोजायला लागली. मला त्यांची शिसारी आली. या सगळ्यांना मी पाढे शिकवले होते.

दुपारी दोनला ती ओरडली, "बाई, एकच दिवा उरला!"

आणि मग मिस्त्री दुकानातून बाहेर आला. दोन चाकांच्या गाडीवर भरलेली बॅटरी घेऊन तो उतारावरून आपल्या छोट्या नावेकडे निघाला. घाईत नव्हता. गिऱ्हाइकाचं काम करायला निघावं तसा निघाला होता.

"कुठं चाललास?" कप्तान म्हणाला.

"वहिनींची बॅटरी उतरलीय."

"मागे फिर."

"मी विकलेली मोटर आहे," मिस्त्री म्हणाला. "बंद पडली तर नाव माझं जातं."

कप्तानानं तिथं पडलेलं कुणाचं तरी वल्हं डाव्या हातात घेतलं आणि मिस्त्रीच्या डोक्यात घातलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. मिस्त्री गाडीच्या दांडीवर ओठंगून हळूहळू खाली बसला. रक्त त्याच्या चष्म्याच्या आतून वाहायला लागलं. "अरे," तो म्हणाला, "अरे, मी काय केलं?"

मग वीसच्या वीस माणसं धावली.

वीस वर्षं ज्यांना घरातला मामला दिसत होता, त्यांनी कप्तानाला पायऱ्यांवरून खाली ओढलं. बुक्क्या, लाथा, चपला. कुणी त्याच मोडलेल्या हातावर पाय दिला. "मिस्त्रीला मारतोस? मिस्त्रीला?" प्रत्येकाच्या बोटीवर मिस्त्रीनं बांधलेली मोटर होती. मोसम तोंडावर होता, आणि ती बिघडली तर जिल्ह्यात दुसरा माणूस नव्हता. मी ओरडत होते, "पुरे, मरेल तो!" एकीकडे असंही मनात येत होतं की आणखी दोन बसू देत. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण होतं तसं लिहिते.

शेवटच्या दिव्यावर ती काठाला आली. पोलीस येऊन कप्तानाला गाडीत घालत होते, म्हणून हात करून सांगायची गरज उरली नव्हती. ती उतरली, सरळ मिस्त्रीकडे गेली आणि भुवईवरचं फडकं सोडून त्याच्या डोक्यावर दाबून धरलं. तिच्या डोळ्यात रक्त उतरत होतं.

"वहिनी, वर या, तुम्हालाही टाके लागतील," घामाघूम झालेला एक जण म्हणाला. मघाशी दगड मोजणाऱ्यांतलाच.

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मुठी अजून वळलेल्या होत्या.

"चालतात की रे हात तुमचे," ती म्हणाली. "मला वाटलं, अपंग आहात सगळे."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मिस्त्रीच्या डोक्याला सात टाके पडले आणि त्याबद्दल कप्तानाला आठ महिन्यांची शिक्षा झाली. तिच्या वीस वर्षांबद्दल कागदावर काही नाही. मी या वेळी स्वतः अर्ज लिहून तिच्याबरोबर ठाण्यात गेले. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि शुद्धलेखनाची तारीफ केली. शिक्षा भोगून तो भावाकडे राहायला गेला, असं कळतं. तिनं दाराला दोन कड्या बसवल्या आहेत, आणि रात्री भिंतीपलीकडून फक्त तिच्या खोकल्याचा आवाज येतो.

टाके निघाल्यावर मिस्त्रीनं पहिलं काम तिच्या बोटीचं घेतलं. मी सोबत गेले होते. पेडल तोवर नुसतंच ठेवलेलं असायचं, ते त्याला बोल्टनं पक्कं करायचं होतं. डोक्याला पांढरी पट्टी, हातात ड्रिल. तो पुढच्या टोकाला गुडघ्यांवर बसला आणि खडूनं खूण करू लागला.

"इथंच ना वहिनी? तुमच्या नेहमीच्या जागेवर?"

"नको," ती म्हणाली. ती काठावर उभी राहून बोटीकडे एक डोळा मिटून बघत होती. "मागे दुसरं वजन नसलं आणि मी पुढे बसले की नाक बुडतं. मागचं टोक हवेत राहतं. वळताना घसरते."

"मग?"

ती बोटीत उतरली, पुढची फळी ओलांडली, डब्यांची जागा ओलांडली आणि बरोब्बर मधोमध जाऊन बसली. बोट पाण्यावर सपाट झाली.

"इथं. वायर पाच फूट वाढवून दे."

"पाच नाही पुरायची," मिस्त्री म्हणाला. "पायाला सैल लागते. सात करतो."

"सात कर," ती म्हणाली, आणि त्यानं खडूची पहिली खूण अंगठ्यानं पुसून टाकली.